‘एका गाण्याचा धनी’ म्हणून बाबा सहगल यांना मोडीत काढणाऱ्यांना उत्तर

गोदाकाठ (नांदेड)

परवा येथे ‘गणितशिक्षिका, लातूर’ या नावाने लिहिणाऱ्या ताईंचे एक टिपण आले. हिंदी रॅपर बाबा सहगल १९९२ साली ‘ठंडा ठंडा पानी’ या एका गाण्यावर देशभर गाजले आणि नंतर कोणाच्या लक्षातही राहिले नाहीत. तेव्हा शिकवणी बुडवून मोबाइलपुढे रॅप बडबडणाऱ्या मराठवाड्यातल्या पोरांनी त्यांच्याकडे पाहून वेळीच शहाणे व्हावे, असा त्या टिपणाचा सारांश होता. त्याखाली पडलेल्या टाळ्या पाहून राहवले नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

सहगल हे लखनौचे, अभियांत्रिकी शिकलेले गृहस्थ. ‘ठंडा ठंडा पानी’च्या आधीही त्यांच्या कॅसेट निघाल्या होत्या, म्हणजे हे यश आभाळातून पडलेले नव्हते. हिंदीत रॅप नावाचा प्रकार विकला जाऊ शकतो यावर कोणाचा विश्वास नसताना त्यांनी तो विकून दाखवला. त्यानंतर ‘रोजा’च्या हिंदी आवृत्तीत श्वेता शेट्टी यांच्यासोबत ‘रुक्मणी रुक्मणी’ गायले, १९९८ मध्ये एका हिंदी चित्रपटात नायकाचे काम केले, ‘बिग बॉस’च्या पहिल्याच पर्वात दिसले, २००८ मध्ये तेलुगूतल्या ‘जल्सा’चे शीर्षकगीत गायले आणि पुढे यूट्यूबवर फ्राइड राइस, आलूचा पराठा असल्या विषयांवर विनोदी गाणी करून नव्या पिढीला हसवले. तीस वर्षांहून अधिक काळ ज्याची चूल गाण्यावर पेटते, त्याला अपयशी ठरवायचे असेल तर यशाची व्याख्या काय, हे ताईंनी सांगावे.

गणितशिक्षिका, लातूर

दादा, सहगल उपाशी राहिले असे मी कोठेही लिहिलेले नाही. लोकांच्या स्मरणात त्यांचे एकच गाणे उरले, एवढेच माझे म्हणणे होते. आणि ते खोडण्यासाठी तुम्हाला जी यादी शोधून आणावी लागली, तिनेच ते सिद्ध झाले. शिवाय ते अभियांत्रिकी शिकलेले होते, हा मुद्दा तुमच्या बाजूचा नसून माझ्या बाजूचा आहे. आधी पदवी आणि मग गाणे, हेच तर मी सांगत होते.

माझ्या वर्गात एक मुलगा होता. भौतिकशास्त्राच्या वहीच्या मागच्या पानांवर तो ओळी लिहायचा आणि मी फळ्याकडे वळले की पेनाच्या टोकाने बाकावर चार-चार मात्रा मोजायचा. त्याचे यमक चांगले होते, हे मी नाकारणार नाही. बारावीच्या ऐन हंगामात त्याने शिकवणी सोडली, त्याच्या एका गाण्याचे पंधरवडाभर गावात कौतुक झाले आणि आता तो कोठे आहे हे त्याच्या आईलाही धड सांगता येत नाही. तुमच्या सहगलांचे उदाहरण त्या आईला ऐकवून पाहा.

वसमतकर

वा, ताई! वर्षानुवर्षे लातूरच्या शिकवण्यांची शुल्के भरून ज्यांचे सोयाबीनचे पैसे घरी टिकले नाहीत, अशा बापांच्या वतीनेही थोडे बोलतो. बसस्थानकासमोर ७२० पैकी अमुक गुण मिळवणाऱ्या एका मुलीचा दोन मजली फलक लागतो आणि तिच्याच वर्गात बसलेल्या बाकीच्या शेकडो पोरांचे काय झाले, हे कोणताही फलक सांगत नाही. एक गाजला आणि बाकीचे विसरले गेले, हा हिशेब रॅपला लावायचा असेल तर शिकवणीलाही लावावा. माझा मुलगा दोनदा ‘नीट’ ही वैद्यकीय प्रवेशपरीक्षा देऊन घरी आला, तेव्हा त्याच्या खात्यात एक हिट गाणेसुद्धा नव्हते.

गणितशिक्षिका, लातूर

विषय सहगलांचा चालला आहे, शुल्काचा नव्हे. तरीही उत्तर देते: वैद्यकीयला प्रवेश मिळाला नाही तर मुलगा औषधनिर्माणशास्त्राला जातो, बी.एस्सी. करतो, निदान बारावी विज्ञान उत्तीर्ण असा कागद त्याच्या हाती राहतो. गाणे पडले तर हाती काय राहते?

जुना कॅसेटवाला (परभणी)

दोघांचेही चुकते आहे, असे माझे मत आहे. नव्वदच्या दशकात माझे कॅसेटचे दुकान होते. कोरी कॅसेट आणि गाण्यांची यादी घेऊन गिऱ्हाइके यायची आणि ‘ते ठंडा पानीवाले पहिले टाका’ म्हणायची. गायकाचे नाव त्यातल्या निम्म्यांना ठाऊक नसे. पण त्या गाण्याच्या बुडाशी जी बेसची धून आहे ती सहगलांची नाही. ती व्हॅनिला आइस या अमेरिकी रॅपरच्या ‘आइस आइस बेबी’तली, आणि त्याच्याही आधीची, म्हणजे क्वीन हा ब्रिटिश बँड आणि गायक डेव्हिड बोवी यांच्या १९८१ सालच्या ‘अंडर प्रेशर’मधली. दुसऱ्याने उचललेले तिसऱ्याने उचलायचे आणि वर स्वतःच्या बळावर उभा राहिलेला कलावंत म्हणून मिरवायचे, हे मला पटत नाही. ‘स्वयंभू’ हा शब्द देवळातल्या मूर्तीसाठी राखून ठेवावा.

गोदाकाठ (नांदेड)

काका, धून उसनी होती हे मान्य. ते लपून राहिलेलेच नाही. पण १९९० मध्ये अमेरिकेच्या बिलबोर्ड हॉट १०० यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचलेले पहिले रॅप गाणे म्हणून ज्याची नोंद आहे, ते ‘आइस आइस बेबी’च उसन्या धुनेवर उभे होते. त्या व्हॅनिला आइसलाही जग ‘एका गाण्याचा’ म्हणूनच ओळखते. २०१० पासून घरांची डागडुजी करून दाखवणारा दूरचित्रवाणी कार्यक्रम त्याने अनेक पर्वे चालवला, हे मात्र चेष्टेने सांगितले जाते. गवंडीकाम करून पोट भरणे चेष्टेचा विषय कधीपासून झाले, हे मला समजत नाही.

नागसेनवन (छत्रपती संभाजीनगर)

कॅसेटवाले काका, तुमचा न्याय लावला तर आमची अख्खी गायनपरंपराच आरोपीच्या पिंजऱ्यात उभी करावी लागेल. माझे वडील गायनपार्टीत होते. १४ जानेवारीला, नामविस्तार दिनी, विद्यापीठाच्या प्रवेशद्वाराजवळ भीमगीतांच्या पुस्तिका घेऊन ते बसायचे. पिवळट कागद, दोन टाचण्या, आणि प्रत्येक गीताच्या डोक्यावर बारीक अक्षरात छापलेले ‘चाल : अमुक चित्रपट’. ज्याला वाचता येत नव्हते त्यालाही सिनेमाची चाल पाठ असे, म्हणून बाबासाहेबांचा विचार रात्रीतून वस्तीभर गाता येत असे. चाल उसनी घेणे म्हणजे चोरी, हे ज्यांना वाद्यवृंद परवडतो त्यांचे सोवळे आहे.

जुना कॅसेटवाला (परभणी)

भावना समजल्या. तथापि, उदाहरण तुमच्याच विरुद्ध जाते, हे नम्रपणे सांगतो. पुस्तिकेवर ‘चाल’ छापलेली होती, म्हणजे चाल कोणाची हे ऐकणाऱ्याला आधीच सांगितले जात होते. व्हॅनिला आइसने मात्र सुरुवातीला ‘माझ्या धुनेत एक सूर जादा आहे’ असे सांगून अंग काढून घेतले आणि नंतर तडजोड झाल्यावरच मूळ कर्त्यांची नावे गाण्यावर चढली. शिवाय, कटू वाटेल पण लिहितो, पुढे त्याच चालींवरच्या गाण्यांच्या कॅसेट निघाल्या आणि धडाक्याने विकल्या गेल्या, तेव्हा मूळ संगीतकाराला कोणी एक रुपया पाठवला नाही. मी स्वतः त्या विकल्या आहेत.

नागसेनवन (छत्रपती संभाजीनगर)

विकणारे तुम्ही, नफा तुमच्या गल्ल्यात, आणि चोर कोण, तर रात्रभर गाऊन सकाळी एसटीच्या भाड्यापुरते पैसे घेऊन परतणारा माझा बाप! गिऱ्हाइकाने आणलेल्या कोऱ्या कॅसेटवर जी गाणी भरून देत होता, त्यांची रॉयल्टी आपण कोणाला पाठवत होता, हे आधी जाहीर करावे आणि मगच नाकाने कांदे सोलावेत.

जुना कॅसेटवाला (परभणी)

मी आपल्या वडिलांना चोर म्हटलेले नाही. वाक्य पुन्हा वाचावे.

गणितशिक्षिका, लातूर

मी करिअरविषयी लिहिले होते. आता भजन, भारूड, भीमगीत आणि गणपतीच्या मंडपातली सिनेमाच्या चालीवरची आरती, एवढे सगळे न्यायालयात उभे राहिलेले दिसते.

वसमतकर

भारूड तेवढे वगळा, ताई. पैठणच्या नाथांनी कोणाची चाल उचलली, असा पुरावा अद्याप पुढे आलेला नाही. उद्या कॅसेटवाले काका तोही शोधून काढतील.

बालाघाट (बीड)

मी सहसा येथे लिहीत नाही. परंतु चालीचा हा वाद अवांतर आहे असे ताई म्हणतात ते मला मान्य नाही. एका गाण्यानंतर माणूस का संपतो, याचे उत्तर मला तरी येथेच सापडते.

माझा भाचा वाळूजला कंत्राटी कामगार आहे. उसाच्या फडावर जाणाऱ्या कोयत्यांवर, म्हणजे ऊसतोड जोडप्यांवर, त्याने एक रॅप लिहिले. उचल, मुकादम, पाचटाची कोपी आणि टायरगाडीच्या दांडीला बांधलेली झोळी, असे सगळे त्यात होते. बीट, म्हणजे गाण्याखालचे तयार संगीत, त्याने इंटरनेटवरून स्वस्तातला परवाना घेऊन आणली. गाणे चालले. यूट्यूबवर जाहिरातीचे पैसे सुरू होण्यासाठी हजार सदस्य आणि वर्षभरात चार हजार तास पाहिले जाणे लागते, तो उंबरठाही त्या एका गाण्याने ओलांडला. मग एके दिवशी मोबाइलवर कॉपीराइटचा दावा आला. त्याने घेतलेला परवाना सर्वांत खालच्या दराचा होता; तीच बीट कितीतरी जणांना विकलेली होती, त्यांपैकी कोणीतरी तिच्यावर आपले गाणे करून ते यंत्रणेत स्वतःच्या नावाने नोंदवले होते, आणि यंत्राला दोन्ही गाणी सारखीच वाटली. शब्द भाच्याचे, मामी-मावश्यांच्या हातांवरचे घट्टे त्याने पाहिलेले, आणि जाहिरातीचे पैसे मात्र अनोळखी माणसाच्या खात्यात वळते झाले. परवान्यात गाणे किती वेळा ऐकले जावे याची मर्यादा होती, तीही त्याने वाचलेली नव्हती, कारण तो कागद इंग्रजीत होता.

त्यानंतर मुंबईच्या एका कंपनीने ठोक रकमेवर गाणे विकत मागितले. भाच्याचा जीव त्या आकड्यावर भाळला होता. मीच एका वकिलांना विचारले, तेव्हा कळले की कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीतला वाटा करारात लिहूनसुद्धा काढून घेता येत नाही. तो वारसाला किंवा आयपीआरएससारख्या कॉपीराइट संस्थेलाच देता येतो. हे त्या कंपनीने स्वतःहून सांगितले असते का? दुसरे गाणे त्याने अद्याप केलेले नाही. प्रतिभा आटली म्हणून नव्हे, पहिल्याचा कज्जा मिटलेला नाही म्हणून. तेव्हा सहगलांची किती गाणी गाजली हे मोजत बसण्यापेक्षा, गाजलेल्या गाण्यातले कलावंताच्या हाती किती राहिले हे कोणी विचारेल काय?

गोदाकाठ (नांदेड)

हे मला मूळ लेखात लिहायला हवे होते, असे आता कोणी म्हणू नये. पण बालाघाट यांनी ते माझ्यापेक्षा चांगले लिहिले आहे. सहगल टिकले याचे एक कारण मला हेच दिसते, की त्यांनी एका कंपनीवर आयुष्य टांगून ठेवले नाही. कॅसेट, चित्रपट, दूरचित्रवाणी, तेलुगू आणि शेवटी स्वतःचे यूट्यूब, असे मिळेल त्या वाटेने ते चालत राहिले.

गणितशिक्षिका, लातूर

चला, म्हणजे रॅप करण्यासाठी करार वाचता आला पाहिजे, टक्केवारी काढता आली पाहिजे आणि इंग्रजी कागद समजला पाहिजे, यावर एकमत झाले तर. यासाठी शाळेत बसावे लागते, एवढे सांगितले म्हणून माझ्यावर केवढा गहजब! भाच्याचे गाणे मी ऐकले आहे, चांगले आहे. माझ्या मूळ टिपणातले ‘बडबडणाऱ्या’ हे विशेषण त्याच्यापुरते मागे घेते. बाकीच्यांसाठी ते तसेच राहील.

वसमतकर

शाळेत बसावे लागते, शिकवणीत नव्हे. हा फरक ताईंनी स्वतःच केला, याची नोंद घ्यावी.

जुना कॅसेटवाला (परभणी)

बालाघाट, व्यवहाराचे बोलतो. तेच शब्द ठेवा आणि ती बीट टाकून द्या. तुमच्याकडे हलगी वाजवणाऱ्यांना तोटा नाही. त्यातला एक चांगला हात बघा, स्टुडिओत न्या आणि गाणे नव्याने ध्वनिमुद्रित करून नव्याने चढवा. जुन्या गाण्याचे आकडे हातचे जातील, पण दाव्याला जागा उरणार नाही. हलगीवाल्याशी मात्र आधी लेखी करा, तेही मराठीत. मागाहून तोंडी व्यवहार कोणी लक्षात ठेवत नाही, हे गल्ल्यावर बसलेला माणूस म्हणून सांगतो. नागसेनवन यांना या वाक्यावर हसायचे असेल तर त्यांनी खुशाल हसावे.

नागसेनवन (छत्रपती संभाजीनगर)

हसलो. सल्ला मात्र बरोबर आहे, हे नाइलाजाने लिहितो. फक्त हलगीवाल्याला ठोक रक्कम देऊन वाटेला लावू नका. त्याचे नाव गाण्यावर घाला आणि करारात त्याचा हिस्सा लिहा, नाहीतर वीस वर्षांनी त्याचा मुलगा येथे येऊन तुमच्याशी भांडेल.

बालाघाट (बीड)

हलगीवाला आमच्याच भावकीतला आहे. तो हिस्सा नको म्हणतो, रोख मागतो आहे. दोन्ही देता येईल का, हे कोणी सांगावे.