पावसाच्या तोंडावर काच अर्ध्यावर अडकली

घोडबंदरकर:
मामांकडून आलेली १९९९ ची कापडी टपाची गाडी. ड्रायव्हरकडची पॉवर विंडो अर्ध्यावर अडकलीय. बटण दाबलं की दारात 'टक्' एवढाच आवाज. काल मानपाड्याला सर आली, सीट भिजली. मामांनी जिवापाड जपलेली गाडी आहे हो! मोटर बदलू का?

कोपरीचे काका:
थांब रे, एवढ्यात मोटर घेऊ नकोस. इंजिन बंद, चावी ऑन, हेडलाइट लाव आणि बटण दाब. दिवे किंचित मंदावले तर मोटर जोर लावतेय, काच रबरात धरलीय. दोन्ही तळव्यांत काच धरून वर ओढ, बटण दुसऱ्याला दाबायला सांग.

नेरुळकर:
या गाड्यांत काचेला वरून चौकट नसते, त्यामुळे ती तिरकी होऊन अडकते. चढली की मास्किंग टेपने चिकटव, मगच दाराचं आतलं पॅनेल उघड. काच सरकते त्या रबरी खाचेत सिलिकॉन स्प्रे मार. ग्रीस अजिबात नको, धूळ धरतं.

घोडबंदरकर:
काका, दिवे मंदावले! बायकोने बटण दाबलं, मी ओढली, कुरकुरत चढली एकदाची. खाचेत काळा चिकट थर होता, नखाने खरवडला तर मेणासारखा निघाला. टेप लावलीय, रविवारी पॅनेल उघडतो.