व्हेनामी कोळंबीचं बीज: २८ च्या पाण्यातून ६ च्या तळ्यात

खाजणकर: तळं दाभोळ खाडीलगत. सरींमुळे क्षारता ६ पीपीटीवर (हजार भाग पाण्यात ६ भाग मीठ) आलीय. हॅचरी (बीज तयार करणारं केंद्र) २८ च्या पाण्यातलं पीएल-१० (पोस्ट-लार्व्हा, म्हणजे त्या अवस्थेतलं दहा दिवसांचं बीज) देतेय. बीजाच्या पिशव्या तळ्यात अर्धा तास तरंगवून सोडलं तर? पावसाळ्यात खाडीही ३० वरून ५ वर येते, तिथली कोळंबी कुठे मरते?

चिंगूळ: खाडी दिवसादिवसाने उतरते, भरतीला पुन्हा खारावते, आणि कोळंबीला समुद्राकडे सरकायला वाट असते. पिशवीतल्या बीजाला यातलं काहीच नाही. तरंगवल्याने फक्त तापमान जुळतं.

व्हेनामीचं रक्त साधारण २५ पीपीटीच्या पाण्याशी समतोल असतं. त्याच्या वर अंगातलं पाणी बाहेर ओढलं जातं, खाली गेलं की बाहेरचं आत घुसतं. म्हणजे २८ वरून ६ ला कल्ल्यांचं कामच उलटतं: मीठ बाहेर टाकायचं सोडून आत ओढायचं. ती जुळणी मिनिटांत होत नाही. एकदम सोडलंत तर अंग पांढुरकं पडून बीज तळाशी बसेल. पीएल-१० घेऊच नका, पीएल-१२ च्या आधी कल्ले पुरते तयार नसतात.

टाकीवाला: बीज पिशवीच्या पाण्यातच ठेवून त्यात तळ्याचं पाणी थेंबथेंब सोडत बसू नका. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडतो, पीएच चढतो आणि साठलेला अमोनिया विषारी होतो. टबात २८ चं स्वच्छ पाणी आणि हवा तयार ठेवा, तापमान जुळलं की बीज लगेच त्यात.

मग टबात तळ्याचं पाणी घालत क्षारता उतरवा: १५ पर्यंत तासाला ३-४ पीपीटी, पुढे तासाला १-२. एकूण दहाएक तास धरा. १०० लिटर २८ वरून २४ वर आणायला तळ्याचं २२ लिटर पाणी लागतं, तिथून २० वर यायला ३५. दरवेळी तीच बादली मोजून ओतणाऱ्यांचं इथेच चुकतं. क्षारता रिफ्रॅक्टोमीटरनेच (क्षारता मोजायचं यंत्र) बघा, जिभेने नको.

खाजणकर: बीज सोडल्यावर मोठा पाऊस आला तर?

चिंगूळ: गोडं पाणी हलकं, वरच तरंगतं. उघाडीच्या (तळ्याचं पाणी सोडायच्या दाराच्या) वरच्या फळ्या काढून तेवढाच थर ओहोटीला सोडा. एरेटर (पाण्यात हवा घुसळणारं यंत्र) आधी लावलात तर तो थर खाली मिसळेल.

टाकीवाला: आणि बीज उचलण्याआधी हॅचरीत १०० नग निम्म्या क्षारतेच्या पाण्यात अर्धा तास, मग मूळ पाण्यात अर्धा तास ठेवून मेलेले मोजा. हा धक्का मुद्दाम एकदम द्यायचा. ५ पेक्षा जास्त मेले तर ते बीज परत.