जिम्नीचे आफ्टरमार्केट आर्म आणि पॅनहार्ड रॉड: कुरकुर आणि टकटक कशी थांबवायची?

रानवाट_पुणे

नमस्कार मंडळी. गेल्या दिवाळीनंतर माझ्या जिम्नीला (मारुतीची ऑफरोड गाडी) दोन इंची लिफ्ट केली, म्हणजे गाडी तेवढी उंच केली. सोबत पुढचे लीडिंग आर्म, म्हणजे ॲक्सलला चासीशी (गाडीच्या सांगाड्याशी) जोडणारे दांडे, बदलले. ॲक्सलच्या बाजूला सांध्यात पॉलीयुरेथेनचे (कडक प्लास्टिकचे) बुश आहेत, चासीच्या बाजूला गोळ्याचा जॉइंट, ग्रीस भरायच्या निपलसकट. पुढचा पॅनहार्ड रॉड (ॲक्सल आडवा सरकू न देणारा दांडा) ॲडजस्टेबल आहे आणि त्याच्या एका टोकाला 'रोज जॉइंट', म्हणजे घरात फिरणाऱ्या लोखंडी गोळ्याचा सांधा आहे.

पावसाळाभर गाडी गप्प होती. तुंगार्लीकडून राजमाचीच्या रस्त्याला गेलो, चिखल, दगड, ओढे सगळं झालं, पण हूं की चूं नाही. आता ऑक्टोबरचं ऊन तापलं आणि स्पीडब्रेकरवर हळू चढताना पुढून लांबलचक 'कुईंऽऽ' येतं. दुसरा आवाज अगदी वेगळा: पार्किंगमध्ये जागेवर स्टेअरिंग फिरवलं की एकदाच 'टक्', उलट फिरवलं की परत 'टक्'.

ज्याने बसवलं तो म्हणतो, ऑफरोडचे पार्ट आहेत, आवाज येणारच. मला हे मान्य नाही. आई मागे बसते आणि प्रत्येक स्पीडब्रेकरला विचारते, काही तुटलंय का रे? तिला काय उत्तर देऊ ते तरी सांगा.

चिखल_नाशिक

सेम प्रॉब्लेम होता भावा. खाली झोपून सगळ्या बुशांवर डब्ल्यूडी-40 मारलं, आवाज गायब. आठवड्याने परत आला, परत मारलं. स्वस्तात काम होतं.

ग्रीसगन_सातारा

नाशिककर, तो स्प्रे बुशांवर मारू नका, कळकळीने सांगतो. पातळ तेल आत उरलंसुरलं ग्रीस धुऊन काढतं आणि वर धूळ चिकटवून ठेवतं. शेजारी शॉकअपचे, स्टॅबिलायझरचे रबरी बुश असतात. खनिज तेलाने रबर फुगतं आणि मऊ पडतं. आज कुरकुर गेली तरी उद्या तिथे खडखड सुरू होते.

रानवाट, 'आवाज येणारच' हे मलाही पटत नाही. साताऱ्यात माझं गॅरेज आहे, जिप्सीच्या स्प्रिंगच्या पाट्यांपासून हेच काम करत आलोय. नीट बसवलेली आणि वेळेवर ग्रीस मिळणारी लिफ्टवाली गाडी शांत चालते. तुम्ही आवाज इतके नेमके सांगितलेत की अर्धं निदान तिथेच झालं. हे दोन वेगळ्या जागांचे आवाज आहेत.

'कुईं' पॉली बुशचा. रबरी बुशमध्ये रबर आतल्या, बोल्टभोवतीच्या नळीला चिकटवलेलं असतं. आर्म हलला की रबर पिळलं जातं, घासत काहीच नाही. पॉली बुश मात्र नळीवर मोकळा फिरतो. मधलं ग्रीस संपलं की कोरडा घासतो आणि ओरडतो. पावसात पाणीच वंगणाचं काम करत होतं, म्हणून तुम्हाला कळलं नाही. जिम्नीत हा त्रास जास्त, कारण प्रत्येक लीडिंग आर्मला ॲक्सलवर दोन बुश आणि चासीवर एक. एक चाक दगडावर चढलं की दोन्ही आर्म मिळून ॲक्सलची नळी पिळायला बघतात. कंपनीचं जाड रबर दबून वाट देतं. कडक पॉली देत नाही, सगळा ताण त्या घासणाऱ्या जागेवर येतो.

कोणता बुश ओरडतो हे शोधायला पाण्याची बाटली पुरते. एकाला बंपर दाबून गाडी खालीवर करायला सांगा आणि तुम्ही एकेका बुशवर थोडं थोडं पाणी सोडा. ज्याच्यावर पाणी पडताच आवाज थांबेल तो तुमचा. ही परीक्षा झाली, उपाय नव्हे. उपायासाठी आर्म खाली काढावा लागेल. चासी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर), ॲक्सलखाली जॅक, आणि एका वेळी एकच बाजू. दोन्ही आर्म एकदम सोडले तर ॲक्सल फिरतो आणि बोल्ट परत जुळवताना दमछाक होते.

बुश आणि नळी बाहेर काढून जुनं काळं ग्रीस पुसा. नळीवर गंज असेल तर बारीक पॉलिश पेपरने गुळगुळीत करा. नखाला खरखर लागली नाही पाहिजे. मग सिलिकॉनचं घट्ट वॉटरप्रूफ ग्रीस, पॉली बुशसाठी मिळतं ते. चाकाच्या बेअरिंगचं नेहमीचं ग्रीस इथे नको. सिलिकॉन ग्रीस आत लावतातच सगळे, पण बुशची बाहेरची कड, जी ब्रॅकेटच्या पत्र्याला टेकते, ती कोरडी सोडतात. निम्मी कुरकुर तिथून येते. तिथेही हात फिरवा. आणखी एक बघा: नळी बुशपेक्षा केसभर लांब असायला हवी. बोल्ट आवळल्यावर ब्रॅकेटने नळी पकडायची असते. प्लास्टिकच चिमटलं गेलं तर किती ग्रीस लावा, आवाज परत येणार. व्हर्निअर लावा, डोळ्यावर विसंबू नका.

आर्मला भोक पाडून ग्रीस निपल बसवायचा सल्लाही कोणीतरी देईल. बुशला आतून ग्रीस फिरायला खाचा असतील आणि भोक वेल्डपासून लांब असेल तरच विचार करा. माझ्या गॅरेजमध्ये मी तो करत नाही, कारण त्या आर्मवर ब्रेकचा सगळा भार येतो.

आता 'टक्'. जागेवर स्टेअरिंग फिरवताना येतो म्हणजे बहुतेक पॅनहार्ड रॉड. इंजिन चालू, गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, चारही चाकांना दगड. आत कोणी स्टेअरिंग थोडंसं डावी-उजवीकडे हलवत राहील. तुम्ही खाली, हाताची बोटं सांध्याच्या बाहेरून टेकवून, फटीत अजिबात नाही. आवाज चासीभर फिरतो, कान फसतो, पण बोटाला ठोका बरोबर कळतो. आधी ब्रॅकेटचे दोन्ही बोल्ट तपासा, मग लॉक नट (रोज जॉइंटचे आटे रॉडमध्ये पक्के धरणारा), मग रोज जॉइंटचा गोळा. याच क्रमाने, कारण बोल्ट ढिला निघाला तर पुढचा खर्च वाचतो.

लॉक नट सुटलेला सापडला तर नुसता आवळू नका. रोज जॉइंट दोन्ही बाजूंना सारखा झुकेल असा मध्ये धरा, मग आवळा. वाकडा राहिला तर चाक खाली लटकल्यावर गोळ्याचं घर ब्रॅकेटला आपटतं, तोही 'टक्'च. आटे किमान दांड्याच्या जाडीइतके तरी आत हवेत. आवळल्यावर नट आणि रॉडवर मिळून पेंटची एक रेघ मारा. पुढच्या वेळी रेघ तुटलेली दिसली की समजायचं, नट फिरलाय.

वाळू_मस्कत

ग्रीसगन दादांचं सगळं पटलं, फक्त रोज जॉइंटबद्दल एक भर घालते. आमच्याकडे मस्कतला चिखल क्वचित, पण वाळू पिठासारखी बारीक. सुरुवातीला इथली मंडळी रोज जॉइंटला बाहेरून ग्रीस थापायची. त्यात वाळू बसते आणि पॉलिश पेपरचं काम करते, गोळा पाहता पाहता झिजतो. ज्या रोज जॉइंटला आत टेफ्लॉनचं अस्तर असतं त्याला ग्रीस लावायचंच नसतं. पाण्याने धुवायचं, हवा मारून सुकवायचं, बस्स. लोखंडावर लोखंड फिरणारा असेल तरच वंगण. रबरी टोप्या मिळतात दोन्ही बाजूंनी घालायला, त्या मात्र जरूर घाला. आणि जेट वॉशचा फवारा सांध्यावर जवळून धरू नका, घाण बाहेर येण्याऐवजी आत जाते.

ग्रीसगन_सातारा

ताई, हे लिहिलंत ते फार बरं झालं. रोज जॉइंट मुळात विमानांच्या कंट्रोलच्या दांड्यांसाठी घडला, मग रेसिंगमध्ये आला. स्वच्छ जागी त्याच्यासारखा दुसरा नाही. चिखलात, रोज चालणाऱ्या गाडीवर, मी स्वतः पॅनहार्डला एका बाजूला तरी रबरी बुशच ठेवतो. रस्त्याची प्रत्येक थरथर आत येत नाही.

रानवाट_पुणे

काका, ताई, रविवार सत्कारणी लागला. बाटलीची परीक्षा केली: डाव्या आर्मचा ॲक्सलवरचा मागचा बुश. काढला तर नळी कोरडी ठक्क, आणि बुशच्या कडेला ब्रॅकेटचा चकचकीत गोल उमटलेला. व्हर्निअरने नळी किंचित लांब निघाली, म्हणजे पार्ट बरोबर होता, बसवताना ग्रीस लावलंच नव्हतं. उजवीकडेही तेच. सिलिकॉन ग्रीस लावून दोन्ही बसवले. सोसायटीच्या गेटवरच्या स्पीडब्रेकरवर आता काही ऐकू येत नाही.

'टक्'साठी भाच्याला स्टेअरिंगवर बसवलं. बोल्ट घट्ट होते, लॉक नट हाताने फिरला! मध्ये धरून आवळला, पांढरी रेघ मारली. आवाज बराच गेला, पण अगदी बारीक ठोका बोटाला अजून लागतो. रोज जॉइंटला ग्रीस निपल नाही. बदलायचा का? आणि चासीकडच्या गोळ्याच्या जॉइंटला ग्रीस कधी द्यायचं?

ग्रीसगन_सातारा

शाब्बास. लॉक नट ढिला असताना आटे आपटत असतात, त्यामुळे रॉडमधलं स्क्रूचं घर झिजलंय का तेही बघा. रॉड एका टोकाने सोडा आणि गोळ्यातून बोल्ट घालून हाताने हलवा. फिरताना जड लागला पाहिजे. दांड्याच्या दिशेने किंवा आडवा खट्कन हलला तर जॉइंट बदला, त्याला घट्ट करायची सोय नसते. झिजलेला ठेवलात तर ब्रॅकेटचं भोक अंडाकृती होतं. मग नवा जॉइंट टाकूनही ठोका राहतो आणि ब्रॅकेटला वेल्डिंग करून जाड वायसर लावावा लागतो. नवा घेताना अस्तरवाला घ्या, टोप्यांसकट. रबरी बुश असलेलं टोक शेवटी गाडी चाकांवर उभी असताना आवळा. हवेत आवळलं तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

चासीकडचा जॉइंट वेगळा. त्यात स्टीलचा गोळा कडक प्लास्टिकच्या दोन वाट्यांमध्ये बसतो, बाहेरून सर्क्लिप (त्यांना अडवून धरणारी रिंग). ओढ्यात गाडी घातली की घरी आल्यावर ग्रीस द्या, आणि उन्हाळ्यात सर्व्हिसिंगच्या वेळी. आधी निपल फडक्याने पुसा, नाहीतर त्याच्या तोंडावरची माती गनने आत ढकलली जाते. हळूहळू दाबा, कडेने जुनं काळं ग्रीस येऊन मागून स्वच्छ ग्रीस डोकावलं की थांबा. ग्रीस देताना चाकं लटकती ठेवा, गोळ्यावरचा भार हलका असला की ग्रीस सगळीकडून पोचतं. कधी त्यातूनही ठोका आला तर आर्म फेकू नका, नुसत्या वाट्या मिळतात. सर्क्लिप काढायला गोळा दाबून धरणारं टूल लागतं, हातोड्याने करू नका.

आणि आईंना सांगा, काही तुटलेलं नव्हतं. पण त्यांनी विचारलं ते बरोबरच केलं, तो लॉक नट आणखी महिनाभर तसाच राहिला असता तर घाटात स्टेअरिंग सैल लागलं असतं.

रानवाट_पुणे

सांगितलं. जॉइंट ऑर्डर केलाय, अस्तरवाला. आला की भोक मोजून इथेच लिहितो.