परदेशातलं पहिलं बँक खातं : अनुभव आणि माहिती इथे लिहा

गोदाकाठी
कॉलेज रोडला व्हिसावाल्यांच्या ऑफिसांबाहेर पुन्हा फायली घेतलेली पोरं आणि त्यांचे बाबा दिसायला लागलेत. ते बघून तिकडचे पहिले दिवस आठवले, म्हणून धागा काढतेय. थंडीच्या कपड्यांवर सगळे भरभरून बोलतात, खात्याचं मात्र "तिथे गेल्यावर बघू". जर्मनीपुरतं मी लिहिते, बाकी देशांचं तुम्ही भरा.

तिथे खाती दोन लागतात. पहिलं स्पेरकोंटो, व्हिसासाठीचं, पैसे अडकवून ठेवणारं. ते नाशिकमध्ये बसूनच ऑनलाइन उघडतं. सप्टेंबर २०२४ पासून त्यात वर्षाचे ११,९०४ युरो भरावे लागतात आणि महिन्याला ९९२ सुटतात. हा आकडा मधूनमधून वाढतो, त्यामुळे भरायच्या दिवशी दूतावासाच्या साइटवर असेल तोच धरा. दुसरं गिरोकोंटो, रोजच्या व्यवहाराचं. पहिल्यातले पैसे सुटून या दुसऱ्यात येतात, आणि हे दुसरं उघडायला बऱ्याच बँका पत्त्याच्या नोंदणीचा दाखला मागतात. ती नोंदणी म्हणजे आनमेल्डुंग. तिला घरमालकाने सही केलेला फॉर्म लागतो. घर नाही तर फॉर्म नाही, फॉर्म नाही तर नोंदणी नाही, आणि मग स्वतःचेच पैसे ॲपमध्ये नुसते बघत बसायचं.

म्हणून बँक निवडताना व्याजबिज सोडा. नोंदणीच्या आधी खातं देते का, भारतीय पासपोर्टवर व्हिडिओने ओळख पटवून घेते की पोस्टात जावं लागतं, आणि विद्यार्थ्यांना महिन्याचं शुल्क माफ आहे का, एवढं विचारा. दीड-दोन महिन्यांचा खर्च फॉरेक्स कार्डावर वेगळा न्या. घराचं डिपॉझिट कायद्याने तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापर्यंत मागता येतं, तेही त्यातूनच जाणार.

सिडकोचा सुम्या
मी आपल्या नाशकातल्याच कॅनडा कॉर्नरला राहायला जातोय. मला पण कॅनडावाल्यांची ती जीआयसी ठेव लागेल का?

गोदाकाठी
तुला रिक्षाचे सुटे लागतील.

पंचवटीकर
ताई, लेटरबॉक्सचं राहिलं. कार्ड आणि पिन वेगवेगळ्या पाकिटांत पोस्टाने येतात आणि पेटीवर नाव नसेल तर पोस्टमन परत नेतो. टॅक्स नंबरचं पत्रही तसंच येतं. कुणाकडे भाड्याने राहत असाल तर पेटीवर घरमालकाच्या नावाखाली स्वतःचं आडनाव चिकटवा. चिकटपट्टी चालते.

मेपलचं झाड
सुम्या, हाहा. आता खऱ्या कॅनडाचं.
१ सप्टेंबर २०२५ पासून क्वेबेक सोडून एकट्या विद्यार्थ्याला २२,८९५ कॅनेडियन डॉलर दाखवावे लागतात, फी आणि प्रवास वेगळा. जीआयसीतून, म्हणजे निघायच्या आधीच तिकडच्या बँकेत भरलेल्या ठेवीतून, उतरल्यावर थोडी रक्कम एकदम मिळते, बाकी हप्त्यांनी. त्यासाठी बऱ्याच बँकांत पासपोर्ट आणि स्टडी परमिट घेऊन शाखेत जावं लागतं, नुसत्या ॲपवर भागेल असं धरून चालू नका.
जीआयसी ज्या बँकेत तिथेच रोजचं खातं ठेवलं पाहिजे असं नाही, हे एजंट सांगत नाहीत. 'न्यूकमर' पॅकेजचं शुल्क बहुधा वर्षभरच माफ असतं. ती तारीख कॅलेंडरवर टाका आणि मुदतीआधी विद्यार्थी खात्यात बदलून घ्या. चेकिंग खातंच, म्हणजे रोजच्या व्यवहाराचं, घ्या. सेव्हिंग्जमध्ये महिन्याचे फुकट व्यवहार मोजकेच, पुढे प्रत्येकाला पैसे कापतात. भाडं बरेच घरमालक इंटरॅक ई-ट्रान्सफरने (खात्यातून खात्यात ऑनलाइन) घेतात, तेव्हा ते फुकट आहे ना बघा. पार्टटाइम नोकरीला डायरेक्ट डिपॉझिट फॉर्म लागतो, त्यावर पाच आकडी ट्रान्झिट नंबर, तीन आकडी बँकेचा नंबर आणि खाते क्रमांक असतो. तो ॲपमधून निघतो.
आणि नोकरी नाही किंवा भरायला पैसे नाहीत म्हणून खातं नाकारता येत नाही. ओळखपत्रं बरोबर असली की बँकेला ते उघडावं लागतं, तसा कायदाच आहे.

निवृत्त फॉरेक्सवाला
इथून पैसे पाठवण्याबद्दल कोणीच बोलत नाहीये. स्पेरकोंटोत एक युरो कमी पोचला तरी व्हिसाला लागणारं पूर्ण रकमेचं पत्र निघत नाही. मधली बँक वाटेत आपला आकार कापते, म्हणून ए-टू फॉर्मसोबत (परदेशी पैसे पाठवायचा बँकेचा फॉर्म) शुल्काचा पर्याय 'अवर', म्हणजे सगळा आकार आपणच भरायचा, हा निवडा, 'शेअर्ड' नको. वर थोडे जास्तच पाठवा.
सगळे जीएसटीवर चिडतात. बारा लाखांच्या पाठवणीवर तो १,०२६ रुपये बसतो. खरा फटका दरात. एका युरोमागे दीड रुपया जास्त लावला तर ११,९०४ युरोंवर १७,८५६ रुपये गेले. दोन-तीन ठिकाणचा दर एकाच दिवशी, शक्यतो एकाच तासात विचारा आणि दर व शुल्क मिळून हातातून किती रुपये जाणार ते लेखी घ्या.
टीसीएस, म्हणजे पाठवतानाच कापला जाणारा आगाऊ कर : आर्थिक वर्षात एका पॅनवर १० लाखांपर्यंत लागत नाही. मान्यताप्राप्त वित्तसंस्थेच्या शिक्षणकर्जातून पाठवलं तर १ एप्रिल २०२५ पासून अजिबात नाही. कापला गेलाच तर रिटर्नमध्ये वळता होतो. नाव पासपोर्टवर आहे तसंच टाका, वडिलांच्या नावासकट.

चिंगी७
विषयांतर, पण पोराच्या बॅगेत चिवडा चालेल का? जर्मनी.

पंचवटीकर
चिवडा चालतो. युरोपात बाहेरून दुधाचे आणि मटणाचे पदार्थ सामानात नेता येत नाहीत, म्हणून पेढे नकोत.

चिंगी७
अय्या, खव्याच्या पोळ्या करून ठेवल्यात!

सिडकोचा सुम्या
पत्ता द्या काकू, मी येतो न्यायला.

निवृत्त फॉरेक्सवाला
इथल्या खात्याचंही बघा. फेमा म्हणजे परकीय चलन कायद्याच्या नियमांनुसार शिकायला गेलेला विद्यार्थी अनिवासी धरला जातो, तेव्हा साधं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासींचं इथल्या पैशांसाठीचं खातं, करून घ्यायचं. तिकडची कमाई इकडे ठेवायची तर अनिवासींचं दुसरं खातं, एनआरई : व्याजावर इथे कर नाही आणि पैसे केव्हाही परत नेता येतात. एनआरओच्या व्याजावर मात्र ३० टक्के टीडीएस अधिक सेस. आईवडिलांचं नाव 'फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर' पद्धतीने जोडता येतं, म्हणजे पोराच्या हयातीत व्यवहार त्याचाच, इथून चालवायला अधिकारपत्र वेगळं द्या. आपल्याकडे सहकारी बँकांत खाती फार, पण अशी खाती ठेवायची परवानगी प्रत्येकीला नसते. निघायच्या आधी विचारा.

मंजू इंदिरानगर
काका, आणि ओटीपी? सगळं नाशिकच्या नंबरवर आहे.

निवृत्त फॉरेक्सवाला
सिम चालू ठेवा, रोमिंग इथूनच सुरू करून जा आणि रिचार्ज संपू देऊ नका. २०२३ मध्ये एनआरई-एनआरओ खात्यांना परदेशी नंबरवर यूपीआय खुलं झालं, त्या पहिल्या दहा देशांत अमेरिका, कॅनडा, इंग्लंड होते, जर्मनी नव्हती.

टेक्सासहून
अमेरिका, घाईत. खात्याला एसएसएन (इथला सोशल सिक्युरिटी नंबर) लागतोच असं नाही, पासपोर्ट, आय-ट्वेंटी (कॉलेजने व्हिसासाठी दिलेला फॉर्म) आणि पत्ता यावर बऱ्याच बँका उघडतात, पण शाखेत जा. किमान शिल्लक आणि ओव्हरड्राफ्टचं शुल्क आधी विचारा. राउटिंग नंबर (बँकेची ओळख सांगणारा) नऊ आकडी, पण काही बँकांत वायरसाठी, म्हणजे बँकेतून बँकेत थेट पाठवणीसाठी, वेगळा असतो. भारतातून पैसे मागवताना वायरचाच द्या. बँकेतल्या ठेवींना एफडीआयसी या सरकारी संस्थेचा विमा अडीच लाख डॉलरपर्यंत, आपल्याला पुरून उरेल.

गोदाकाठी
मस्त माहिती येतेय. जर्मनीत लास्टश्रिफ्टचं एक सांगायचं होतं. विमा, मोबाइल, जिम सगळे खात्यातून परस्पर पैसे उचलतात. संमती दिलेली असली तरी आठ आठवड्यांत बँकेकडून परत मागता येतात, संमतीच नसेल तर तेरा महिन्यांपर्यंत. पण कराराचं देणं त्याने मिटत नाही, नोटीस येते. रेडिओ-टीव्हीच्या शुल्काचे महिना १८.३६ युरोही असेच जातात, टीव्ही नसला तरी. एका घरामागे एकदाच असतात, म्हणून चौघं राहत असाल तर एकाच्याच नावावर भरा आणि बाकीच्यांनी आपापल्या नावाने आलेल्या शुल्काच्या पत्राला उत्तर देताना त्याचा शुल्क क्रमांक कळवा.

चिंगी७
आणि खाकरा?

पंचवटीकर
चालेल. तुपातला नको.