वजनकाट्याचा प्रोग्राम आपोआप बंद करून पुन्हा सुरू कसा करावा?

प्रश्न: लातूरजवळ आमचा वजनकाटा आहे. विंडोज १० वरील त्याचा प्रोग्राम दिवसभर चालून संध्याकाळी इतका अडकतो की, सोयाबीनच्या ट्रॅक्टरांची रांग रस्त्यापर्यंत जाते, तरी पावती निघत नाही. रोज पहाटे ५ वाजता तो आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू व्हावा, यासाठी काय करावे?

उत्तर १: नोटपॅडमध्ये तीन ओळींची बॅच फाइल (आज्ञा क्रमाने चालवणारी फाइल) करावी: टास्ककिल (प्रोग्राम बंद करणे), १० सेकंदांचा टाइमआउट (थांबणे), मग स्टार्ट (पुन्हा सुरू करणे). ती टास्क शेड्युलरमध्ये (ठरलेल्या वेळी कामे चालवणारी विंडोजमधील सोय) रोजच्या वेळेला लावताना, वापरकर्ता लॉग-ऑन असतानाच चालवण्याचा पर्याय निवडावा. अन्यथा प्रोग्राम सुरू होतो, पण त्याची विंडो स्क्रीनवर दिसतच नाही. माझे यात दोन दिवस गेले.

उत्तर २: टास्ककिलला ‘स्लॅश एफ’ (सक्तीने बंद करण्याचा पर्याय) सरसकट जोडू नये, कारण सक्तीने बंद केल्यास प्रोग्रामला अर्धवट नोंद जतन करण्याची संधीच मिळत नाही. आधी साधी आज्ञा द्यावी आणि तरीही तो बंद झाला नाही, तरच सक्ती करावी.

प्रश्नकर्ता: जमले, सर. आमच्याकडे पहाटे वीज जाते, म्हणून वेळ हुकल्यास काम नंतर लगेच चालवण्याच्या पर्यायावरही खूण केली आहे.