पहिलीसाठी मिशनची शाळा की सरकारी मराठी शाळा? (खानापूर, जि. बेळगाव)

मुलगी जूनमध्ये पहिलीला. घरी मराठी बोलतो. वाचन आणि गणिताचा पाया कुठे पक्का होईल? मिशनची शाळा इंग्रजी माध्यमाची आहे.

निपाणीकर: ताई, इथे शाळा धर्मसंस्थेची की सरकारी यापेक्षा माध्यम मोठं. घरची भाषा मराठी, तर अक्षर-आवाजाची सांगड मराठीत लवकर बसते. इंग्रजीत मुलं शब्द पाठ करतात, नवा शब्द आला की अडतात. कन्नड दोन्हीकडे आहेच, कर्नाटकच्या 2015 च्या कायद्याने.

शिक्षक_चिकोडी: माध्यम पटलं, पण सरकारी शाळेत एक गोष्ट आधी बघा. नलि-कलीत (कर्नाटकातल्या सरकारी शाळांची, कार्डांवरून खेळत शिकायची पद्धत) पहिली ते तिसरी एकाच वर्गात बसतात. मूल आपल्या गतीने कार्डं पुढे नेतं, पद्धत चांगलीच. पण शिक्षक जनगणनेला किंवा निवडणुकीच्या कामाला गेले की कार्डं तिथंच थांबतात. आरटीईप्रमाणे (शिक्षण हक्क कायदा) शाळेच्या पटावर 60 पर्यंत मुलं असली तर शिक्षक दोनच. मिशनमध्ये बहुधा इयत्तेला स्वतंत्र वर्ग आणि रोजचा गृहपाठ, पण वर्गात मुलं किती ते विचारा.

दोन्ही शाळांतल्या तिसरीच्या चार-पाच मुलांना पाहायला मिळालं तर बघा: दुसरीच्या पुस्तकातला न पाहिलेला उतारा वाचून अर्थ सांगतात का, आणि 52 वजा 27. उत्तर 35 आलं तर हातचा समजलेला नाही, मोठ्यातून लहान वजा केलंय. वह्या सुंदर असल्या तरी फसू नका, फळ्यावरून उतरवलेलं असतं.

निपाणीकर: आणि मिशनची शाळा घेतलीत तर रोज 15 मिनिटं घरी मराठी वाचन, नाहीतर बाराखडी राहूनच जाते.