शाळेत दारूवर तास घेऊन पोरं प्यायची थांबतात का?

सीमाभागातला मास्तर
२६ जूनला सगळीकडं अमली पदार्थविरोधी दिन होतो. शपथ, प्रभातफेरी, खराब झालेल्या यकृताचं चित्र, संपलं. आणि आमची नववीतली पोरं वरातीच्या डॉल्बीमागं ९० मिलीचं पाकीट कोल्ड्रिंकच्या बाटलीत ओतताना मी बघितलीत. अमेरिकेत १९८३ पासून पोलीस वर्गात जाऊन असंच सांगायचे, ‘डेअर’ नावानं. तपासणी झाली तेव्हा पोरांच्या पिण्यावर फारसा परिणाम दिसला नाही. भीती घालून भागत नाही. “घे रे, एका घोटानं काय होतंय?” म्हणणाऱ्या दोस्ताला काय उत्तर द्यायचं, ते पोरांकडून पुन्हा पुन्हा वदवून घ्यावं लागतं. आठवी-नववीला आठवड्यातनं एक तास द्या, तोही मराठीतून.

खानापूरचा पालक
सर, तुमची तळमळ कळते, पण मला पटत नाही. २००७ ला कर्नाटकात सारायी, म्हणजे गावठी स्वस्त दारू, बंद झाली, तिची जागा स्वस्त व्हिस्कीच्या पाकिटानं घेतली. वयाची अट २१ आहे. २०२३ ला ती १८ वर आणायचा मसुदा सरकारनं काढला होता, लोक भडकल्यावर मागं घेतला. शेजारी गोव्यात १८ च आहे. पण गावात किराणा दुकानात पाकीट मिळत असेल तर वय विचारतंय कोण? अल्पवयीन पोराला दारू दिली तर बालन्याय कायद्याच्या कलम ७७ खाली ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि लाखापर्यंत दंड आहे. आधी ते लावा, मग तास घ्या.

निपाणीची ताई
मी शिकवणी घेते. यकृताचं ते चित्र बघून आलेला सातवीतला एक मुलगा वही मिटून बसला. सगळे गेल्यावर जवळ येऊन विचारतो, “टीचर, माझे पप्पा मरणार काय?” बाप रोज पिऊन येतो, हे अख्ख्या गल्लीला माहीत. त्याला शाळेनं माहिती दिली आणि घरी पाठवून दिलं. तास घ्याच, पण तासानंतर अशा पोराजवळ बसणारं कुणीतरी शाळेत पाहिजे. १४४४६ ही व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन आहे, तो नंबर तरी फळ्याच्या कोपऱ्यात कायम लिहून ठेवा. त्या मुलाला काय सांगावं, हे मला अजून नीट जमलेलं नाही.

सीमाभागातला मास्तर
ताई, शंभर टक्के. पालकदादा, धाड पडेपर्यंत थांबलो तर ही बॅच दहावी होऊन जाईल. आइसलँडमध्ये १९९८ ला १५-१६ वर्षांची ४२ टक्के पोरं महिन्याभरात एकदा तरी झिंगलेली असायची. २०१६ ला ५ टक्के. संध्याकाळी खेळ आणि संगीताची सोय केली, रात्री घरी यायची वेळ कायद्यानं ठरली, ती पाळायचं आईबापांनी एकत्र बसून ठरवलं.

खानापूरचा पालक
बघा, तुम्हीच माझ्या बाजूचं बोललात. तो वर्गातला तास नव्हता. तिथं दारू घ्यायचं वय २० आहे आणि बाटली मुख्यतः सरकारी दुकानातनं मिळते. आपल्याकडं पाच वाजता शाळेचं गेट बंद, मैदानाला कुलूप, पोरं बस स्टँडवर. मैदान उघडं ठेवायला एसडीएमसीचा, म्हणजे शाळेच्या देखरेख समितीचा, ठराव पुरतो. आणि त्याच बैठकीत दुकानदाराचं नाव घ्या, तो समितीतला असला तरी. तुम्ही घेता का? मी शेजारी उभा राहतो.

सीमाभागातला मास्तर
घेतो. पण तास सोडणार नाही.